सौंसरची बडी दीदी

पांढुर्ण्यातली दोन-चार म्हातारी माणसं अजूनही माझी ओळख "ही परदेशात जाऊन आलेली" अशी करून देतात. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. खरी गोष्ट अशी की त्या परदेशात मी टांग्यानं गेले होते.

तेव्हा मी नागपूरला नर्सिंग शिकत होते. तिसरं वर्ष. नेपाळच्या तराईतल्या एका धर्मादाय दवाखान्याचं पत्र आमच्या शाळेकडे आलं. सहा महिने बिनपगारी सेवा करायला एक विद्यार्थिनी हवी होती. पत्रात एक विचित्र अट होती: मुलगी सौंसर-पांढुर्णा भागातलीच पाहिजे. आमच्या अख्ख्या शाळेत त्या भागातली मी एकटी होते, म्हणून माझी निवड झाली. ही अट मी घरी सांगितली नाही. "सबंध शाळेतून एकटीची निवड" एवढंच सांगितलं, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं.

माझे वडील पांढुर्ण्याला शाळेत मुख्याध्यापक. त्यांनी शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं बातमी लिहिली: आपल्या गावची कन्या सेवेसाठी परदेशी रवाना. नाव वळणदार अक्षरात. 'नेपाळ' हा शब्द फळ्यावर कुठंही नव्हता. तो माझ्याच सांगण्यावरून गाळला होता. परदेशात बर्फ पडतो, म्हणून आईनं शिंप्याकडून गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट शिवून घेतला. एप्रिलच्या उन्हात तो कोट अंगात घालून मी गाडीत चढले, कारण निरोप द्यायला आलेल्या मंडळींना तो दाखवायचा होता. कोणीतरी संत्र्यांची टोपली दिली. इटारसीला गाडी बदलली, पाटण्याला गंगा आगबोटीतून ओलांडली. माझा समुद्रप्रवास म्हणायचा तर तोच. मग सरहद्दीवर रक्सौलला उतरून टांगा केला. एक पूल गेला आणि टांगेवाला म्हणाला, "लो, आ गया नेपाल." मी मागं वळून पाहिलं. मागं जी धूळ आणि ज्या बकऱ्या होत्या, त्याच पुढंही होत्या.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक इमारत. ओट्यावर एक काटकुळी बाई उकिडवी बसून बाटल्या धूत होती. पांढरं लुगडं, अनवाणी पाय, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वय पंचावन्नच्या पुढं. तिनं मला नखशिखांत पाहिलं.

"पांढुर्ण्याची काय वो तू?"

त्या अनोळखी मुलखात आमच्या घरामागच्या गल्लीतली भाषा ऐकून मी जागीच थबकले. हो म्हणाले.

"म्हंजे गोटमारीवाली," ती म्हणाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे लोक आणि जाम नदीपलीकडचे सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीबद्दल ती बोलत होती. "आमी सौंसरचे. आमी दगडं फेकत नाई, बोलतो. कोट काढ आंधी. मरतं काय उकडून? जेवली काय?"

तिचं आडनाव, हुद्दा, काहीच कोणी सांगितलं नाही. सगळे तिला बडी दीदी म्हणत. मी बाई म्हणायला लागले. त्या पत्रातली अट तिचीच होती, हे पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं.

"पंचवीस वर्सं झाले, मले आपल्या भाषेत भांडाले कोनी नाई. हिंदीत भांडलं तं पोट भरत नाई. म्हनून लिवलं, आपल्याकडची पोट्टी पाठवा."

म्हणजे माझी निवड झाली ती सेवेसाठीसुद्धा नव्हे. भांडणासाठी.

बाईंना हिंदी येत होती, तिथली भोजपुरीही कळत होती, पण रोग्यांशी त्या ठार वऱ्हाडीत बोलत. "काहून वो माय, पोट दुखून राहिलं काय?" असं त्या विचारत, आणि समोरची म्हातारी बिनदिक्कत भोजपुरीत उत्तर देई. दोघींचं अर्धा तास चाले आणि कुठं अडत नसे. मी मात्र पुस्तकी हिंदीत "आपको क्या कष्ट है?" असं विचारलं की बायका पदर तोंडाला लावून हसत. पहिला प्रश्न त्या कधीच दुखण्याचा करत नसत. आधी "जेवली काय?" मग बाकीचं. मी एकदा म्हटलं, बाई, आधी नाडी बघायची असते. त्या म्हणाल्या, "नाडी कोठं पळून जाऊन राहिली? भूक पळून जाते."

आजार हा पाहुणा आहे, असं त्यांचं म्हणणं. "त्याले पाट देऊ नोको बसाले. पाट देला का राह्यला मुक्कामाले." त्यामुळं जरा बरं वाटलेल्या माणसाला त्या खाटेवर पडू देत नसत. उठवून शेंगा सोलायला, वाती वळायला बसवत. दवाखान्यात एकच खुर्ची होती. तिच्यावर डॉक्टरांनीसुद्धा बसायचं नाही, ती रोग्याच्या घरून आलेल्या माणसासाठी. "बिमार मानूस तं झोपून राहते. दमते ते संगं आलेलं."

डॉक्टर आठवड्यातून दोनदा सरहद्दीपलीकडून येत. वयस्क, अबोल बंगाली गृहस्थ. ते उभ्या उभ्याच सगळं करत.

पण मला सगळ्यात जास्त राग यायचा तो खाटांचा. वॉर्डात नऊ खाटा होत्या आणि एकीलाही नंबर नव्हता. दाराजवळची खाट नागपूर. मग काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल, घोडाडोंगरी, आणि आत, बाईंच्या बसायच्या जागेजवळ, इटारसी. ज्या लाइनीनं त्या मुलूख सोडून आल्या, तिचीच स्टेशनं त्यांनी खाटांना दिली होती. सगळ्यात गंभीर रोगी इटारसीला. सुधारला की एकेक स्टेशन करत दाराकडे. त्या गावातल्या कोणीही आमची लाइन जन्मात पाहिली नव्हती, पण "सासूबाई काल आमल्याला आल्या, उद्यापर्यंत पांढुर्णा," असं तिथल्या सुना एकमेकींना सांगायच्या.

मी विचारलं, "बाई, यात सौंसर कुठंय?"

"सौंसरले कोनी बिमार पडत नाई," त्या म्हणाल्या.

मी आल्या आल्या सुधारणा सुरू केल्या. खाटांवर खडूनं नंबर टाकले. लाल-निळ्या पेन्सिलीनं तापाचे तक्ते आखले, वर इंग्रजीत मथळे दिले. नंबर दोन दिवसांत पुसून निघाले. वाती वळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पाठी त्यांवर घासल्या गेल्या होत्या. मी पुन्हा टाकले.

जूनमध्ये एक दिवस मी सहज विचारलं, "बाई, तुमचं ट्रेनिंग कुठं झालं?"

"इथंच."

"आणि सर्टिफिकेट?"

"कायचं?"

हळूहळू कळलं ते असं. बाई सौंसरच्या. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात झाडायला आणि बाटल्या धुवायला लागल्या. पुढं तिथं आलेल्या एका डॉक्टरीणबाईंबरोबर बिहारात गेल्या, आणि नेपाळातलं राणांचं राज्य गेल्यावर सरहद्द ओलांडून इथं. दवाखाना डॉक्टरीणबाईंनी उभा केला. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या आणि किल्ल्या बाईंच्या कमरेला राहिल्या. परीक्षा अशी त्यांनी एकही दिलेली नव्हती. ज्यांना मी मेट्रन समजून सकाळ-संध्याकाळ गुड मॉर्निंग, गुड इव्हनिंग करत होते, त्या कागदोपत्री झाडूवाल्या होत्या.

मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. वय एकवीस, दोन परीक्षांत पहिला वर्ग, त्यामुळं न्यायबुद्धी फार तीक्ष्ण. मी नागपूरला आमच्या मुख्य बाईंना चार पानी पत्र लिहिलं, इंग्रजीत. 'येथील प्रमुख स्त्री' पूर्णपणे अप्रशिक्षित आहे, नोंदी ठेवत नाही, खाटांना रेल्वे स्टेशनांची नावं देते, हगवणीच्या रोग्यांना पुस्तकात मनाई असताना मीठ घातलेली भाताची पेज घोट घोट पाजते. महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या. दवाखान्याचं टपाल बाई स्वतः चालत जाऊन टाकत. मी पाकीट त्यांच्याच हातात दिलं.

"घरी लिवलं काय?"

"हो," मी म्हणाले.

पावसाळ्याच्या मध्यावर हैजा, म्हणजे कॉलरा, आला. दोन दिवसांत नऊ खाटांवर नऊ आणि ओट्यावर चटया टाकून अकरा. सलाइनच्या बाटल्या मोजक्या, म्हणून कोणाला आधी लावायची हा रोजचा प्रश्न. मी माझे तक्ते धरून तयारच होते. बाईंची रीत निराळी. प्रत्येक खाटेला त्यांनी सुताची एक दोरी बांधली. जुलाब झाला की एक गाठ, उलटी झाली की दुहेरी गाठ, लघवी झाली की लाल चिंधी. डॉक्टर आले की खाटेपाशी उभे राहून दोरी बोटांतून सरकवत. माझा तक्ता ते नम्रपणे हातात घेत आणि नम्रपणे परत देत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई विहिरीवर पाणी उकळवण्याच्या कामात होत्या. वॉर्ड माझ्या ताब्यात. डॉक्टर बैलगाडीनं येत होते, तोवर उरलेली एकच बाटली कोणाला, हे मला ठरवायचं होतं. मी तक्ता पाहिला. तीन नंबरला सगळ्यात जास्त जुलाब. तीन नंबरच्या बाईला मी सुई लावली, पट्टी बांधली, वेळ लिहिली. हस्ताक्षर छान आलं होतं.

बाई आत आल्या. नेहमीप्रमाणं खाटेखाटेला हात लावत, दोऱ्या चाचपत आल्या आणि बैतूलपाशी थांबल्या. तिथं एक तरुण बाई होती, डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. दोरीला जागा उरली नव्हती इतक्या गाठी.

"इची बाटली कोठं हाय?"

मी तक्ता पुढं केला. माझा आवाज वर गेला. तीन नंबर म्हणजे ही नव्हे, तीन नंबर म्हणजे ती, असं मी बोटानं दाखवू लागले आणि बोट मधेच थांबलं. त्या दुपारी पुसलेले खडूचे नंबर पुन्हा टाकताना मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती. सकाळच्या नोंदी एका बाजूनं मोजून होत्या आणि दुपारच्या दुसऱ्या. बाटली लावली होती ती नरखेडला, जिला पेजेवर भागत होतं आणि जी मघापासून मला "हमरा काहे?" असं विचारत होती.

बाईंनी नरखेडच्या हातातली सुई काढली. बाटली उतरवली. नवी सुई उकळत्या पाण्यातून काढली. बैतूलच्या बाईची शीर सापडत नव्हती, इतकी ती आत गेली होती. बाईंनी तिचा पाय मांडीवर घेतला, घोट्यापाशी अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि सुई घातली. पाणी चालू झालं. मग त्या मला म्हणाल्या, "तिच्या तोंडात चमचा चमचा पेज टाक. मोजू नोको. टाकत राह्य."

मी संध्याकाळपर्यंत टाकत राहिले. मध्ये दोनदा मला वाटलं की ती गेली. सूर्य कलताना तिनं जीभ बाहेर काढून ओठ चाटले आणि माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. मी रडायला लागले. बाई लांबून ओरडल्या, "वा वो वा! तिचं पानी भरलं तं तुयं सांडून राहिलं."

ती बाई आठव्या दिवशी नागपूरहून, म्हणजे दारातून, चालत घरी गेली. त्या साथीत आमच्याकडची तीन माणसं दगावली. तीनपेक्षा जास्त का गेली नाहीत, याचं उत्तर डॉक्टरांच्या मते बाटल्यांइतकंच पेजेतही होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा अबोल झाले.

साथ ओसरल्यावर मी गावात पाणी उकळून पिण्याविषयी बायकांपुढं व्याख्यान दिलं. उत्तम झालं. परतताना तहान लागली म्हणून वाटेतल्या एका घरी तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. ते उकळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी इटारसीला.

चार दिवस माझ्याच खाटेला दोरी आणि गाठी. व्याख्यान ऐकलेल्या बायका रांगेनं बघायला येत. बाई पेज पाजताना त्यांच्या देखत विचारत, "हे पुस्तकात चालते न वो? नाई तं राहू देऊ?" पण हात कधी ढिला पडला नाही. चादर बदलताना, तोंड पुसताना, मला शरम वाटू नये म्हणून त्या तोंडानं सतत सौंसरच्या गोष्टी चालू ठेवत: कोणाच्या बागेतली संत्री आंबट, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाताना कोणाचा बैल चिखलात कसा बसला. पाचव्या दिवशी मला चौथ्या खाटेवर हलवलं आणि म्हणाल्या, "उतर आता. आलं तुयं गाव."

त्या खाटेवर पडून मी एकच हिशेब करत होते, की ते पत्र आता कुठंवर पोचलं असेल. बरी झाल्यावर दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पत्रातला मजकूर कृपया दुर्लक्षित करावा. पण पहिलं पत्र आपलं काम करून चुकलं होतं. आमच्या मुख्य बाईंनी ते कर्तव्यबुद्धीनं दवाखान्याच्या पंचांकडे पाठवलं होतं. पंच म्हणजे सरहद्दीवरच्या गावातले चार व्यापारी, भली माणसं. सप्टेंबरात ते आले, त्या खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलले. शिकलेली मेट्रन नेमली आहे, महिन्याभरात येईल. बडी दीदींना कोणी काढत नाही, त्यांनी आया म्हणून राहावं. त्यांच्याकडे दवाखान्यात काम केल्याचा एखादा सरकारी कागद असता तरी सोय लावता आली असती.

"कागद नाई," बाई म्हणाल्या. तेवढंच.

ते गेल्यावर मी बाईंपाशी गेले. त्या बाटल्या धूत होत्या. मी सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "शेटजीनं वाचून दाखवलं."

मी हुंदके देऊ लागले.

"खोटं लिवलं काय तू?"

"नाही."

"मंग रडून काहून राहिली? सर्टिफिकेट नाई तं नाई. ठेसनाचे नावं हायेत तं हायेत." मग बाटली पालथी घालून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे रागानं पाहिलं. "पन इंग्रजीत काहून लिवलं वो? आपल्या मानसाची चुगली आपल्या भाषेत कराव. मी तुले इतक्या दुरून कायच्यासाठी बलावलं होतं? भांडाले न? मंग तोंडावर भांडली काहून नाई?"

मी धुतलेल्या बाटल्या उचलून आत नेल्या.

मेट्रन आली. केरळकडची, शांत स्वभावाची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. बाईंनी कमरेचा जुडगा काढून तिच्या हातात दिला आणि वऱ्हाडीत विचारलं, "जेवली काय?" तिला कळलं नाही, पण ती हसली. दुसऱ्या दिवसापासून बाई आयाचं काम करू लागल्या. कुठलीही कुरकुर नाही, टोमणा नाही, भांडी लखलखीत. त्यांनी आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. खाटांना मात्र मेट्रननं नंबर दिले नाहीत. तिनं चौकशी करून नऊ स्टेशनं पाठ केली.

त्या सहा महिन्यांत वडिलांची पत्रं येत, ती मी बाईंना वाचून दाखवत असे. राज्यांची फेररचना चालू होती. वडील लिहीत, नागपूर मुंबईकडे जाणार, आपले तालुके मध्यप्रदेशातच राहणार असं दिसतं. शाळेत मराठीचं काय होईल कळत नाही. पारावर रोज वाद होतात, काल तुझे काका आणि पोस्टमास्तर एकमेकांशी बोलेनासे झाले. बाई ऐकत. एकदा म्हणाल्या, "मंग सौंसरहून नागपूरले जाव तं परराज्य लागन?" मी म्हटलं, हो. त्या बराच वेळ हसत राहिल्या. "म्हंजे मी पंचवीस वर्सं परमुलखात राहिली, न् आता सौंसरवाले समदेच राहतीन."

मी नोव्हेंबरात परतले तेव्हा तसंच झालं होतं. परदेशातून गावी आले आणि पुढच्या आठवड्यात शाळेत हजर व्हायला नागपूरला गेले, ती परराज्यात. मधल्या दिवसांत वडिलांनी त्यांच्या शाळेत माझा सत्कार ठेवला. मी ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. उभी राहिले, समोर सगळं गाव, आणि तोंडातून हिमालय निघाला. हिमालय मी एकदाच, फार लांबून, पहाटे पाहिला होता, आणि तो ढग असण्याचीही शक्यता होती. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई बसली होती, मांडीवर तो लोकरी कोट घेऊन.

त्या टाळ्या मला सहन होईनात. दुसऱ्याच दिवशी मी सौंसरला गेले. पंचांनी एक सरकारी कागद मागितला होता, तेवढा तरी मी मिळवणार होते. दवाखान्यात नवी माणसं, पण जुने कंपाउंडर गावातच होते. सत्तरीचे, अंगणात उन्हाला बसलेले. मी सांगितलं, एका डॉक्टरीणबाईंबरोबर इथून गेलेली विधवा बाई.

"ते होय! बाटल्या धुवाची न? लय तोंडाळ पोट्टी. जित्ती हाय काय अजून?" त्यांचे डोळे भरून आले. "नाव काय हो तिचं?"

आणि मला कळलं की मला माहीत नाही. सहा महिने तिच्या हाताखाली होते, तिच्या हातची पेज पिऊन वाचले, तिच्याविरुद्ध इंग्रजीत चार पानं लिहिली, पण तिचं नाव विचारलं नव्हतं.

कंपाउंडर माझ्याबरोबर दवाखान्यात आले. कपाटातून वाळवी लागलेलं हजेरीपुस्तक काढलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबले. तिथं एक नाव होतं, वडिलांच्या नावासकट. त्यावरून अर्ज लिहिला. मग तो अर्ज कुठं द्यायचा यात वर्ष गेलं. जुनी दफ्तरं नागपूरला, नवं राज्य भोपाळचं. नागपूरवाले म्हणत सौंसर आता आमचं नाही, भोपाळवाले म्हणत कागद अजून आमच्याकडे आला नाही. त्यांचीही चूक नव्हती, पेट्याच प्रवासात होत्या. मी दर शनिवारी खेटे घातले. तोवर परीक्षा पास होऊन पांढुर्ण्याच्या दवाखान्यात लागले होते. शेवटी शिक्क्यानिशी अनुभवाचा दाखला निघाला, आणि कचेरीनं तो रजिस्टर टपालानं परस्पर बाईंच्या नावे रवाना केला. मी त्या दिवशी पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला सांगितलं नाही.

दोन महिने काहीच कळलं नाही. मग बाईंचं पत्र आलं. मोठी, वाकडी अक्षरं. जसं बोलत तसंच लिहिलेलं.

दाखला पोचला, असं त्यात होतं. पण तो तिथं कामाचा नव्हता. पंचांच्या वहीत त्यांचं सासरचं नाव होतं. दाखल्यावर होतं ते माहेरचं, लग्नाआधीचं, आणि दोन्हींत एक अक्षरही सारखं नव्हतं. कंपाउंडरला ठाऊक होती ती सौंसरची लेक, आणि मला तर कोणतंच ठाऊक नव्हतं. म्हणजे वर्षभर खेटे घालून मी एका भलत्याच नावाचा दाखला मिळवला होता. वाचता वाचता माझे कान तापले. पुढं लिहिलं होतं की पंचांना तो दाखवलाच नाही, पेटीत ठेवला. मेट्रनबाई चांगली आहे, विचारल्याबिगर काही करत नाही, आता तिले भांडता बी येते थोडं थोडं. आणि मग शेवटचा परिच्छेद:

"पोस्टमन ते पाकीट घेऊन दोन दिवस गावभर हिंडला. मलेही विचारलं, या नावाची कोन हाय. मी म्हटलं, इथं असं कोनी नाई बाप्पा. तिसऱ्या दिवशी भांडे घासता घासता ध्यानात आलं. तसीच ओल्या हातानं पोस्टात पळत गेली न् म्हटलं, दे, मीच व्हय. पंचवीस वर्साच्या वर झाले, हे नाव कोनी घेतलं नाई. पुढं लिवशील तं पाकिटावर हेच लिव."